जिजींचं अर्धं तोरण

जिजींइतक्या झपाट्याने तोरण ओवणारं दुसरं कुणी आमच्या वस्तीवर नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी त्या ओसरीवर पाय पसरून बसत, सुतळीचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळत आणि दाभण चालवू लागत. झेंडू, आंब्याचं पान, पुन्हा झेंडू. तोंडाने गप्पा, नजर रस्त्यावर, हात आपले चालूच. शेजारणीचं निम्मं होईपर्यंत जिजींचं तोरण चौकटीवर गेलेलं असे. मग त्या शेजारणीची सुतळी ओढून घेत. "आण इकडं. तुझं तोरण चढंस्तोवर दिवाळी यील."

तोरणाच्या मधोमध बाजरीची कणसं हवीत, हा त्यांचा हट्ट. आमची वस्ती नारायणगडाच्या अलीकडे, माळावर. दसरा झाला की बहुतेक घरांना कुलूप लागतं. माणसं ऊसतोडीला जातात ती उन्हाच्या तोंडावर परततात. तोवर चिमण्या ती कणसं खातात. जिजी म्हणत, "कुलपाच्या घरी बी कुणीतरी जेवून गेलं पायजे."

त्यांनी स्वतः अनेक हंगाम ऊस तोडला होता. पाठ धरली तेव्हा कोयता आडोशाला टाकला आणि पुन्हा त्याला शिवणार नाही असं सांगून टाकलं. उसाच्या फडातल्या आठवणी त्या काढत नसत. एकदाच, विषय निघाला म्हणून, मुलाकडे बोट करून म्हणाल्या होत्या, "ह्या भागवतच्या आधी एक पोरगी झालती. फडातच झाली. तिथंच ठेवून आलो." आणि पुढच्या वाक्याला शेळीबद्दल बोलू लागल्या.

त्या वर्षी भागवतच्या बायकोचे, सविताचे, दिवस भरत आले होते. ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडी: एक तोडतो, दुसरा मोळ्या बांधतो. भागवत-सविताची जोडी टोळीच्या मुकादमाने उचल देऊन आधीच धरलेली. जिजी भागवतला घेऊन त्याच्या घरी जाऊन आल्या. "तिला एवढ्या बारीनं सोडा," म्हणाल्या. मुकादम म्हणाला, "एकट्याचा कोयता चालत न्हाई, जिजी. अन् तिकडं काय दवाखाने न्हाईत?" भागवत दोघांच्या मध्ये उभा होता.

वस्तीवर एक रीत आहे. दसऱ्याला दारावर तोरण चढेपर्यंत घरातलं माणूस उंबरा ओलांडून गावाला जात नाही. मुकादमसुद्धा ही रीत मोडत नाहीत. गाडी तोरणांनंतरच भरते. जिजींच्या हातात तेवढी एकच गोष्ट होती.

सकाळीच ट्रॅक्टर पिंपळाखाली येऊन उभा राहिला. एकेका दारावर तोरण चढलं, एकेका घरातली बोचकी ट्रॉलीत गेली. जिजींच्या सुतळीवर चार फुलं होती.

"जिजी, झालं का?" मुकादमाने विचारलं.

"झेंडू किडका निघाला," म्हणत त्यांनी चारही फुलं उतरवली.

थोड्या वेळाने पानं सारखी नव्हती. मग गाठ सैल निघाली. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दाबून धरला. ट्रॉलीतून कुणीतरी ओरडलं, "जिजी, तोरण ओवताय का धरण बांधताय?" सगळे हसले. जिजीही हसल्या. त्यांचं काय चाललंय हे बायकांनी ओळखलं होतं; एकीनेही मदतीला हात पुढे केला नाही.

"तुमचा हात तर लई चालायचा," मुकादम जवळ येऊन म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"हाताला बी वय असतंय, मुकादम."

दिवस कलेपर्यंत ताणलं तर गाडी वाट पाहून निघून जाईल, असा त्यांचा अंदाज असावा. गाडी गेली नाही. मुकादम समोरच्या ओट्यावर बसून राहिला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आतून सविता कण्हली. दुसऱ्यांदा कण्हली तेव्हा एक शेजारीण आत पळाली आणि तशीच बाहेर आली. "पाणी गेलं," ती म्हणाली. कुणीतरी फोन लावला. ॲम्ब्युलन्स वळणावर येऊन थांबली, पुढे रस्ता नव्हता. दोघींनी सविताला धरून दारापर्यंत आणलं. तिथे जिजींची थोरली जाऊ बसली होती. तिने चौकटीवर आडवा हात टाकला.

"थांबा. तोरण चढलं न्हाई."

आणि त्या दोघी खरंच थांबल्या. त्या रीतीवर सकाळपासून वाद घालायची मुकादमाची हिंमत झाली नव्हती. आताही कुणाची झाली नाही. सविताने चौकटीला कपाळ टेकलं. "आत्याबाई," एवढंच ती म्हणाली.

जिजी भिंतीला धरून उठल्या. सुतळीवर निम्मी फुलं होती, पुढे नुसती सुतळी. भरलेलं टोक त्यांनी डाव्या खिळ्याला बांधलं, रिकामं उजव्या. गाठ दोनदा सुटली.

"चढलं. आक्का, हात काढ."

"हे कसलं गं तोरण? अर्धं हाय."

"अर्धं हाय. तोरण हाय. सोड तिला!"

जावेने हात काढला, आणि मग तीच सविताला धरून पुढे झाली. भागवत मागे धावला. मुकादम मध्ये आला.

"तू कुठं? तोरण चढलं. टोळी निघायची हाय. तुझी जोडी कुठंय ते सांग आधी."

भागवतने आईकडे पाहिलं. जिजी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा एका हातात बोचकं होतं, दुसऱ्या हातात गंजलेला कोयता.

"जोडी ही हाय," त्या म्हणाल्या.

"तुमी? मघाशी तर हाताला वय असतंय म्हणत होता."

"ते तोरणाच्या हाताला. चला, उशीर कावून करताय?"

ट्रॉलीतलं कुणी हसलं नाही. दोन बायांनी हात देऊन त्यांना वर ओढलं, मागून भागवत चढला. ॲम्ब्युलन्स बीडकडे गेली, ट्रॅक्टर उलट्या दिशेला. मुलगी झाल्याची खबर जिजींना वाटेत फोनवर कळली.

टोळी गुढीपाडव्याच्या सुमाराला परतली. जिजी ट्रॉलीतून उतरल्या त्या कमरेत वाकलेल्या; त्यानंतर त्यांना ताठ उभं राहिलेलं कुणी पाहिलं नाही. सविता मुलीला कडेवर घेऊन पुढे आली. जिजींनी हात पसरले. उन्हाने काळवंडलेला अनोळखी चेहरा पाहून मुलीने भोकाड पसरलं आणि आईच्या गळ्याला मिठी मारली. सविता ओशाळली, मुलीला दटावू लागली.

जिजी तिथेच मातीत खाली बसल्या.

"रडू दे तिला," त्या म्हणाल्या. "मी कुठं जाती आता?"