मुख्य सिनेमाच्या आधीची सात मिनिटं

घरात सिनेमाचा विषय निघाला की नातवंडं मला मुद्दाम डिवचतात, "आजी, तुझा आवडता सिनेमा कोणता?" उत्तर त्यांना पाठ आहे. मी सांगते, येलदरीच्या धरणावरचं सरकारी रीळ. मग हशा पिकतो. पिकू दे. जगातल्या सगळ्या चांगल्या गोष्टी तीन तासांच्याच असतात, असं कुठं लिहून ठेवलंय?

त्या काळी परभणीच्या थेटरात मुख्य सिनेमाच्या आधी असं एक रीळ दाखवायचेच. धरणं, कारखाने, बी-बियाणं. पुरुषमंडळी तेवढ्यात बाहेर बिडी ओढून घेत आणि बायका लेकरांना पाजून घेत. मीही त्यातलीच. लग्न होऊन परभणीत आले होते, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी जनाना खेळ असे, निव्वळ बायकांचा. निजामाच्या वेळची ही रीत. राज्य गेलं तरी थेटरवाल्यानं ती मोडली नव्हती. बुरखेवाल्या, लुगडेवाल्या, सगळ्या एकाच बाकड्यावर दाटीवाटीनं बसायच्या.

एका सोमवारी मी अशीच शेजारणीशी बोलत बसले होते. सहज पडद्याकडं पाहिलं तर माळावरून मेंढरं चाललेली, आणि मेंढरांच्या पुढं आमचा बा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. क्षणभर त्याचं तोंड दिसलं आणि लगेच दगड फोडणारे मजूर आले. मी तोंडात पदर कोंबला. बाला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

आम्ही मेंढपाळ. गाव पोखर्णीच्या बाजूला, पण वर्षातले आठ महिने बिऱ्हाड तट्टावर. येलदरीला धरणाचं काम सुरू झालं तेव्हा माय आणि बा मेंढरं घेऊन त्याच माळाला होते. कुणी साहेब कॅमेरा घेऊन आल्याचं मायनं सांगितलं होतं खरं, पण ते चित्र पुढं कुठं दिसेल हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुढच्याच पावसाळ्यात बा तापानं गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. वर्षश्राद्धाला माय मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "पोरी, त्यायचं तोंड मला आता ध्यानात येईना गं." हे सांगताना तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

सिनेमा शुक्रवारी बदलणार होता, आणि त्याच्याबरोबर रीळही जाणार होतं. पुरुषांच्या गर्दीत माय बसली नसती, म्हणजे तिच्यासाठी एकच खेळ उरला, गुरुवारचा. बा गेल्यापासून माय गावाजवळच मेंढरं चारायची. नवऱ्यानं सायकल काढली आणि गाव गाठलं. माय म्हणाली, "मी आले तर मेंढरं कोण बघंल?" तो म्हणाला, "मी बघतो." ज्यानं जन्मात कापसाशिवाय काही हाकललं नव्हतं, तो गडी एक दिवसाची रजा टाकून मेंढरांमागं राहिला आणि मायला एसटीत बसवून दिलं. आमचं पुढं कितीही भांडण झालं तरी ही एक गोष्ट मी त्याच्या नावावर जमा धरली.

गुरुवारी मायला पुढच्या बाकड्यावर बसवलं. दिवे गेले तसा तिनं माझा हात धरला. पण थेटरात नेहमीचाच गोंगाट. कुणाचं लेकरू रडतंय, कुणी फुटाणे वाटतंय. मी दोनदा ओरडले, कुणी दाद दिली नाही. तेवढ्यात मेंढरं आली.

"अगं, ही आपली बांडी!" माय उठूनच उभी राहिली. "ती बघ, कानफाटी! आन् ते लंगडं कोकरू, मागं राह्यलंय बघ..." बोट शेवटच्या मेंढरावर, डोळे शेवटच्या मेंढरावर. मी तिला हलवून सांगेपर्यंत दगड फोडणारे मजूर आले.

"ते कुठं हायेत?" मायनं विचारलं.

"गेले, माय. सगळ्यांच्या पुढं होते."

ती मटकन खाली बसली. "आमच्यात तसंच असतंय," ती म्हणाली. "ते पुढं चालायचे, मी तट्टू घेऊन मागं. मागचीनं राह्यलेलं जनावर बघायचं. तीस वर्षं तेच बघितलंय." आणि ती रडू लागली. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त माझा. मेंढरांच्या पुढं बघ, ही साधी गोष्ट मी तिला आधी बजावायला नको होती का? मेंढपाळाचीच पोर ना मी?

शेजारी बुरख्यातली एक म्हातारी होती. "क्या हुआ माँ? रोव नक्को," म्हणाली. मी सांगितलं. ती उठली आणि सिनेमा सोडणाऱ्याच्या वरच्या खिडकीकडं बघून अशी गरजली की लेकरंसुद्धा गप्प झाली. "ऐ मियाँ! वो पहलीवाली रील फिरसे लगाव! इनका मरद है उसमें!"

मुख्य सिनेमाची नावं सुरू झाली होती. आधी दोघीचौघींनी, मग सगळ्यांनी बाकडी बडवायला सुरुवात केली. शेवटी पडदा पांढरा झाला. रीळ उलटं गुंडाळून होईपर्यंत दोनशे बायका बसून राहिल्या.

मग ते पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी थेटरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मी दोन्ही हातांनी मायचं तोंड धरून पडद्याच्या उजव्या कडेला वळवलं. बा आला. सहा पावलं चालला. मग थांबून त्यानं मान वळवली, मेंढरांच्या वरून लांब मागं पाहिलं, आणि चित्र बदललं.

मायनं पडद्याच्या दुसऱ्या कडेकडं बोट केलं.

"मी तिथंच होते," ती म्हणाली. "कोकराच्या मागं. त्या कॅमेरावाल्या सायबानं तितवर घेतलंच न्हाई." मग माझ्याकडं वळून तिनं नव्या नवरीसारखं हळूच विचारलं, "ते असं मागं वळून बघायचे व्हय गं मला?"