वकिलाची शाल, अक्काचं पातेलं

देवनहळ्ळीच्या बसथांब्यावर सिमेंटचा एक बाक आहे. त्याला टेकून बसलं की पाठीला वकील टोचतो. वकिलाचं नाव म्हणते मी. नेमकं टेकायच्या जागी उठावदार कानडी अक्षरांत ओतून ठेवलंय, आणि पुढे 'यांची समाजसेवा' अशी शेपटी. उन्हाळ्यात पातळ पोलकं घालून तिथे बसलेली बाई उठते तेव्हा पाठीवर समाजसेवा उमटवून बसमध्ये चढते. मी स्वतः चढलेली आहे, म्हणून सांगते.

हा वकील मला आजचा माहीत नाही. त्याच्या अंगावर काळा कोट चढायच्या आधीपासूनचा आहे. बाप देवनहळ्ळीत किल्ल्याच्या दरवाज्याजवळ शिवणकाम करायचा. घरात मराठी, बाहेर कानडी, आणि भांडायचं असलं की दोन्ही. मुलगा कायदा शिकायला बेंगळुरात आला आणि मल्लेश्वरमला आमच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहिला. आमचे हे सरकारी कारखान्यात होते. गणपतीत त्यांची याच्याशी ओळख झाली आणि घरी येऊन मला म्हणाले, "आपल्यातलाच मुलगा आहे, खानावळीत पोट बिघडलंय त्याचं. गुरुवारी जेवायला बोलावू या." बोलावलं. गुरुवार बघता बघता आठवडाभर पसरला. मी आमटी वाढायला लागले की "स्वल्प, काकू, स्वल्प" असं तोंडाने म्हणायचा आणि वाटी पुढे सरकवायचा. स्वल्प म्हणजे थोडंसं. त्या थोड्याशात माझं पातेलं रिकामं व्हायचं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं माझं वाचन म्हणजे वाण्याच्या पुड्यांचे कागद, आणि लग्न होऊन इथे आल्यावर बसच्या कानडी पाट्या. त्यामुळे वकिली म्हणजे काय ते मला पुस्तकातून कळलं नाही, याच्याकडे बघून कळलं. परीक्षा पास होऊन तो गावी परतला आणि तालुक्याच्या कोर्टात उभा राहू लागला. दावे सगळे भावाभावांच्या वाटणीचे. थोरल्या भावाचा वकील हा, धाकट्याचा वकील याचा सख्खा मेहुणा. थोरला सकाळी याच्याकडे चहा प्यायचा, धाकटा संध्याकाळी मेहुण्याकडे, आणि दोन्ही वकिलांची ओसरी एकच! दावा उकळत ठेवायचा, उतू जाऊ द्यायचा नाही. आमच्याकडे दूध तापवताना एवढी काळजी कुणी घेतली नाही.

मग तिकडे विमानतळ झाला. द्राक्षांच्या मळ्यांत चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट पाडून लेआउट झाले, जमिनीला सोन्याचा भाव आला. ज्या दाव्यांच्या पायी भावाभावांनी एकमेकांच्या मुलांची लग्नं बघितली नव्हती, ते दावे एका दुपारी मिटले. भाऊ फ्लॅटात राहायला गेले. वकील फार्महाऊसात.

आणि मग त्याला दानाची उबळ आली. उबळच म्हणते मी, कारण तिला आवर म्हणून नव्हता. शाळेला पाण्याची टाकी दिली, तिच्यावर नाव. स्मशानात शेड घातली, तिच्यावरही नाव. मेलेल्या माणसाने शेवटचं वाचायचं ते काय, तर याचं नाव. खोटं कशाला बोलू, टाकीतलं पाणी मुलं पितात आणि शेडखाली लोक पावसात भिजत नाहीत. पण हा माणूस फोटोवाला आल्याशिवाय पाण्याचा नळ सोडत नसे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मुलं ओंजळी धरून उभी, आणि हा म्हणतोय, "थांबा, थांबा, उन्हाकडे तोंड करा."

असो. आता पातेल्याचं.

आमचं मराठी मंडळ लहान. एक खोली, एक माळा. माळ्यावर पितळेची मोठी भांडी, आणि प्रत्येक भांड्यावर नाव. आपल्या लोकांत भांडं दिलं म्हणजे नाव घालून द्यायचं, ही रीतच आहे. कुणाच्या सासूचं, कुणाच्या गेलेल्या नवऱ्याचं. त्यात एक मसालेभाताचं मोठं पातेलं होतं, ते अक्काचं. अक्का म्हणजे माझी मैत्रीण, आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, म्हणून सगळे तिला अक्काच म्हणतात. तिला एकच मुलगी होती. मुलीचं लग्न ठरलं, अक्काने रुखवतासाठी ते पातेलं घेतलं, आणि लग्नाआधीच मुलगी तापाने गेली. अक्काने ते पातेलं मंडळाला दिलं. दुकानातल्या कारागिराला मराठी येत नव्हतं, तेव्हा हिने स्वतः खडूने पितळेवर मुलीचं नाव लिहिलं आणि त्याने खडूच्या रेघेवरून यंत्र फिरवलं. म्हणजे नाव मुलीचं आणि अक्षर आईचं. दरवर्षी माघातल्या गणेशजयंतीला, मुलीचा वाढदिवस त्याच सुमाराला येतो म्हणून, अक्का त्या पातेल्यात मंडळासाठी मसालेभात करायची. रडताना तिला मी कधी पाहिलं नाही. भात ढवळताना पाहिलंय.

वकिलाने मंडळाला स्टीलची नवी भांडी दिली. झाकणापासून पळीपर्यंत त्याचं नाव. आमच्या कमिटीत आता पुण्या-मुंबईची तरुण मंडळी आहेत, कॉम्प्युटरवाली, वागायला गोड, पण भांडं घासलेलं नाही कुणी. त्यातली एक म्हणाली, "काकू, सो जनरस ना! आणि जुनी भांडी सर पॉलिश करून आणतो म्हणतायत." टाळ्या झाल्या. पितळ टेम्पोत चढलं आणि गेलं.

गेलं ते गेलंच. अक्का फोन करायची, तिकडून उत्तर यायचं, "आणतो ना अक्का, स्वल्प थांबा." एक माघ स्टीलमध्ये गेला. भात खाली लागला. त्या दिवशी अक्का जेवली नाही.

पुढच्या माघाच्या आधी वकिलाची साठी आली. फार्महाऊसावर समारंभ, मंडळाला खास बस. मी येत नाही म्हणत होते. अक्का म्हणाली, "चल गं. तोंडावर विचारते त्याला. या माघाला मला माझं पातेलं पाहिजे. पुढचा माघ कुणी बघितलाय?"

गेलो. फाटकापासून फुलांच्या कमानी, आत गालिचे, आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना आमची भांडी. एकेका भांड्यात एकेक झाड! कुणाच्या सासूच्या घंगाळात मनीप्लांट, कुणाच्या नवऱ्याच्या हंड्यात काटेरी निवडुंग. सगळी लखलखीत, वरून कसला तरी रंगहीन लेप मारलेला. अक्का थेट कोपऱ्यातल्या एका पातेल्यापाशी गेली. त्यात शोभेची सुपारी लावलेली होती. काठावरचा पोचा बघून तिने ओळखलं असावं. नावाची बाजू भिंतीकडे होती. साडी आवरून ती खाली बसली, भिंत आणि पातेलं यांच्या फटीतून हात मागे घातला आणि बोटांनी चाचपडत राहिली.

"हेच गं," ती म्हणाली. "माझा 'म' लागतोय हाताला."

मग तिने खाली पाहिलं. पातेल्याखाली बशी होती आणि बशीत पाणी साचलेलं. झाडाचं पाणी निघून जावं म्हणून पातेल्याच्या बुडाला भोक पाडलं होतं! स्वयंपाकाच्या भांड्याला, बुडाला, मुद्दाम! आमच्याकडे भांडं गळायला लागलं तर घरात कुणी आजारी असल्यासारखं आम्ही त्याला उचलून दुरुस्तीला नेतो.

वकिलाची सून धावत आली. "आंटी, हात नका लावू, व्हिंटेज आहे ते."

"व्हिंटेज तू असशील बाई," मी म्हटलं. "हे अजून चुलीवर चढतं."

तेवढ्यात वकील आला. रेशमी सदरा, कपाळाला मोठा टिळा. "बन्नी, बन्नी, या काकू! अक्का, ऊटा झालं का, जेवलात का?"

"तम्मा," अक्का त्याला धाकटा भाऊ म्हणते, तशी शांतपणे म्हणाली, "माझं पातेलं नेते मी."

तो हसला. कोर्टात हसत असेल तसा. "अक्का, कायद्यात कसं असतं, दान दिलेली वस्तू देणाऱ्याची राहत नाही. तुम्ही मंडळाला दिलं. मंडळाने मला दिलं. आता तुम्ही कुठल्या हक्काने मागता, सांगा बघू?"

"मी मंडळाला भात करायला दिलं होतं. तुझं झाड लावायला नाही."

"तसं लिहून दिलं होतं का?"

अक्काने पातेल्याचा काठ धरला. अवतीभवती माणसं जमली होती, दोघा-तिघांचे मोबाइल वर झाले होते. ते मोबाइल दिसले मात्र, वकिलाचा चेहरा फिरला. सरड्याला रंग बदलायला झाड तरी लागतं. हा अक्काचा हात धरून म्हणाला, "सरी, सरी, बरं! माझ्या साठीला अक्काने काही मागावं आणि मी नाही म्हणू? चला स्टेजवर!"

आम्हाला काही कळायच्या आत सुपारीचं झाड उपटून बाजूला पडलं, गालिच्यावर मातीचा ढीग झाला, आणि पातेलं दोघा माणसांनी स्टेजवर नेऊन ठेवलं. माइकवर वकील सांगत होता, "आपल्या समाजातल्या निराधार मातांना आज आमच्यातर्फे पितळी पातेल्याची भेट..."

निराधार! अक्काचं स्वतःचं घर आहे, नवऱ्याची पेन्शन आहे. आणि मी? माझ्या आधारावर हा कायदा शिकला! मी अक्काचा दंड धरला. "चल इथून. त्याच्या हातून नको घेऊस. उद्या सगळीकडे फोटो फिरेल, याने दिलं म्हणून."

"फिरू दे," अक्का म्हणाली.

"अगं, आपलंच भांडं आपल्याला दान देतोय मेला!"

"कळतंय मला. पण तू परतलीस तर तुझा मान राहील, पातेलं इथेच राहील, आणि उद्या त्यात पुन्हा झाड. तुझा मान घेऊन मी भात कशात करू?"

ती पायऱ्या चढली. तिला एकटीला कसं सोडू, म्हणून मीही चढले. त्याने आमच्या खांद्यांवर शाली घातल्या. माझ्या शालीच्या काठावर, काय सांगू, चमकीने छापलेलं नाव होतं. त्याचंच. फोटोवाला म्हणाला, "माताजी, स्माइल." तेव्हा मात्र मला राहवलं नाही. माइक तोंडापाशी आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं. असतं तरी बोललेच असते.

"अरे," मी म्हटलं, "माझ्याकडे रोज जेवायचास ना, तेव्हाच तुझ्या पोटावर माझं नाव घालून घ्यायला हवं होतं मी!"

मांडवात हशा उसळला. तुम्हाला वाटेल तो ओशाळला. छे! सगळ्यांपेक्षा मोठ्याने तोच हसला, वाकून माझ्या पाया पडला आणि माइकवर म्हणाला, "काकूंचे आशीर्वाद!" फोटो त्याचाच निघाला. अशा माणसाला लाज वाटायला लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतणं.

परतताना बसच्या मागच्या बाकावर पातेलं मधे आणि आम्ही दोघी दोन बाजूंना. अक्काने नावाची बाजू स्वतःकडे वळवून घेतली होती. मल्लेश्वरम येईपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर फोटो आलासुद्धा. खाली लिहिलं होतं, ज्येष्ठ निराधार महिलांना भांडी वाटप. आमच्या तरुण मंडळींनी हात जोडल्याची, फुलांची चित्रं टाकली. मी अक्काला दाखवलं. तिने चष्मा नाही म्हणून सांगितलं. चष्मा नाकावरच होता.

पेठेतल्या भांडीवाल्याने बुडाला ठिगळ मारून दिलं आणि कल्हई करून आणली, पण थेंब थेंब झिरपायचं ते झिरपतच होतं. अक्काने घट्ट कणीक मळली आणि आतून-बाहेरून ठिगळाच्या कडेने थापली. "भात शिजेपर्यंत धरेल," म्हणाली. वरचा तो लेप घालवायला आम्ही दोघींनी चिंच, राख, सगळं लावून बघितलं. बराचसा निघाला, नावाच्या खाचांमधला राहिला. तो तिने काडीने कोरून काढला, एकेक अक्षर, मला हात लावू दिला नाही.

माघातला तो दिवस आला. मंडळाच्या मागच्या अंगणात चूल लावली. तोंडली, काजू, गोडा मसाला. अक्का ढवळत होती आणि बुडाची कणीक तग धरून होती. भात उतरवायची वेळ आली तेव्हा फडकी सापडेनात. मला माझी शाल आठवली, सकाळच्या गारव्याला घेऊन आले होते, ती तिथेच दोरीवर पडली होती. मी ती टरकन मधोमध फाडली, अर्धी तिला दिली, अर्धी मी घेतली.

"अगं, नवी शाल!" अक्का म्हणाली.

"मानाची आहे, धर. भाजेल हाताला."

दोघींनी पातेलं उचललं. शालीत लोकरीचा धागा औषधालासुद्धा नव्हता, सगळं प्लॅस्टिक. चर्र झालं, वास सुटला, आणि पातेलं खाली ठेवून बघतो तर चमकीचा काठ वितळून पितळेला चिकटलेला. वकिलाचं नाव, अर्धंमुर्धं, पातेल्यावर!

तरुण पोरं घाबरली. अक्का घाबरली नाही. तिने आधी मागच्या बाजूला वाकून पाहिलं, मुलीचं नाव साफ होतं. मग तिने उलथनं घेतलं आणि पितळ गरम आहे तोवर, कढईला लागलेलं पिठलं खरवडावं तसं, वकिलाला खरवडून काढलं.

"पानं घ्या रे," ती म्हणाली. "भात निवतोय."