तेविसावं काडतूस

मीराचा फोन आला तेव्हा मी डिशवॉशर लावत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मी उरलेल्या दोन ताटल्या आत लावल्या, साबण घातला, बटण दाबलं... आणि मशीन थांबेपर्यंत तिथेच उभा राहिलो. त्याला आता पाच आठवडे झाले. अजूनही आत काही हलत नाही.

श्रीकांत आणि मी इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, तीस वर्षं शेजारी. तो गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत मोजमापाचा इंजिनिअर, मी लायब्ररीत. निवृत्तीनंतर तो बेसमेंटमध्ये रायफलची काडतुसं स्वतः भरू लागला. शिकार कधी केली नाही. त्याचा नेम फक्त कागदावर. रविवारी तो आणि त्याची मुलगी मीरा नेमबाजीच्या रेंजवर जात. पाच गोळ्यांचं कागदावर एकच भोक पडावं, हा त्याचा ध्यास होता. त्यासाठी प्रत्येक गोळी पितळी नळकांड्यात सारखीच खोल बसायला हवी.

पहिल्यांदा त्याने मला मोजायला बसवलं तेव्हा मी कॅलिपर काडतुसाच्या बुडापासून टोकापर्यंत लावला. दर वेळी आकडा वेगळा. मी म्हटलं, तुझं गोळ्या बसवायचं प्रेस बिघडलंय. तो खो खो हसला. "ग्रंथपाल, टोकं कारखान्यातूनच लहानमोठी येतात. तू काय पुस्तकं कव्हर बघून लावायचास?" मग त्याने गोळीच्या उतारावर एक छोटी कडी बसवली आणि तिथवर मोजलं. आकडे जुळले. प्रेसचा दांडा एकाच वेगाने खाली, क्षणभर थांबायचं, काडतूस अर्धं फिरवायचं, परत दाबायचं. केसभर फरक आला की तो म्हणे, "पुन्हा," आणि गोळी उपसून नव्याने बसवायला घेई. 'असू दे' हा शब्द त्याच्याकडे नव्हता.

गेल्या हिवाळ्यात त्याचे हात थरथरू लागले. बंदुकीची दारू मोजून भरणारं यंत्र होतं, पण प्रेसचा दांडा त्याला सारखा ओढता येईना. "तू ओढ, तूच मोज. मी लिहितो," तो म्हणाला. "आणि मीराला सांगू नकोस." शेवटची पन्नास काडतुसं अशी झाली. मी आकडे वाचत होतो, तो वहीत उतरवत होता. चारदा म्हणाला, "पुन्हा."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मीरा त्या काडतुसांचा डबा हातात घेऊन समोर बसली. "काका, बाबांनी केलेली लास्ट बॅच. मला रेंजवर न्यायचीये."

दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही, हा नियम श्रीकांतनेच तिला शिकवला होता. मला बोलावं लागलं.

"मीरा, गोळ्या मी बसवल्यात."

"ऑल फिफ्टी?"

"सगळ्या."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मग उठली, बेसमेंटमध्ये गेली, कॅलिपर घेतला आणि एकेक मोजू लागली. मी वहीतल्या आकड्यांवर खुणा करत होतो. तेविसाव्यातली गोळी किंचित वर बसलेली निघाली. वहीत बघितलं. आकडा तोच होता. मीच वाचलेला, माझ्या लक्षात न आलेला. त्यापुढे वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं : 'थोडी वर. ग्रंथपाल दमलाय. असू दे.'

मीराने ते दोनदा वाचलं. "बाबा असं म्हणायचे?"

"नाही. कधीच नाही."

"पण प्रत्येक आकडा त्यांनी ऐकलाय ना?" ती म्हणाली. "मग ही त्यांचीच बॅच आहे."

एकोणपन्नास तिने रेंजवर नेली. तेविसावं बेसमेंटमध्येच सुटं केलं, दारू काढून टाकली, आणि रिकामं नळकांडं नि गोळी मला आणून दिली. दोन्ही माझ्या टेबलावर असतात. वाचता वाचता मी गोळी नळकांड्याच्या तोंडावर ठेवतो. ती नुसती टेकून राहते, आत जात नाही. अर्धी फिरवतो, बोटाने परत दाबतो... आणि थांबतो. 'पुन्हा' असं कोणी म्हणत नाही.