देव पोचते करायला

बॉस्टनच्या विमानतळावर उतरले तेव्हा पाय टम्म सुजले होते. पर्समध्ये लाल कापडात गुंडाळलेले पाच टाक (चांदीच्या पत्र्यावर उठवलेले आमचे कुलदेव) होते. २००६ चा ऑक्टोबर होता. सासूबाईंनी हे देव माझ्या हवाली केले त्याला बत्तीस वर्षं झाली. रोज आंघोळ करून, चहाच्या आधी पूजा. देव पुसायचं फडकंसुद्धा वेगळं धुवायचं, वेगळ्या दोरीवर वाळत घालायचं. यजमान गेल्यापासून गुडघ्यांनी दावा मांडला होता आणि खरं सांगायचं तर मला पूजेचा कंटाळा आला होता. हे मी कुणाला बोलले नव्हते. देव एकुलत्या एका मुलाला, मंदारला द्यायचे आणि मोकळं व्हायचं, एवढ्यासाठी कऱ्हाडहून ही यातायात केली होती.

श्रूजबरीला त्याच्या घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी विषय काढला. मंदार अवघडला. तो आणि सून मृणाल, दोघंही सकाळी सातला घर सोडतात.

"रोज नाही जमणार गं आई. फक्त संडेला केलं तर चालेल?"

देवांना काय आठवड्याला एकदाच आंघोळ, असं मी फटकन बोलून गेले. मग आठवडाभर कुणी तो विषय काढला नाही आणि टाक पर्समध्येच राहिले.

शनिवारी तो मला प्लिमथला घेऊन गेला. आपल्या पद्धतीनं देवाची भक्ती करता यावी म्हणून घरदार सोडून निघालेले इंग्रज जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी इथे येऊन राहिले. दीड तास गाडीत बसून माझी कंबर धरली. ज्या खडकावर त्यांनी पहिलं पाऊल ठेवलं म्हणतात, तो खाली खड्ड्यात, कठड्याआड ठेवलाय. आमचा धुण्याचा दगड याहून फार लहान नसेल, असं मी म्हटलं तेव्हा मंदार आठवड्यात पहिल्यांदा हसला.

गावाबाहेर त्यांची जुनी वस्ती पुन्हा उभारली आहे. गवती छपरांची, फळ्यांची घरं आणि आत धूर. तिथे कामाला ठेवलेली माणसं त्या काळचे कपडे घालून, त्याच काळातली असल्यासारखी वावरतात. पुढचं काही विचारलं तर ते त्यांना ठाऊकच नसतं. चढउतारानं मी इतकी दमले की एका घरात शिरून सरळ बाकावर बसले. चुलीपाशी एक बाई मक्याची पेज ढवळत होती. तिचं इंग्रजी जुन्या वळणाचं, त्यामुळे मधे मंदार दुभाषा.

इंग्लंडात तुमच्या पद्धतीनं प्रार्थना करू देत नव्हते म्हणून आलात ना, असं मी विचारलं. ती म्हणाली, तिथून आम्ही आधी हॉलंडला गेलो. तिथे प्रार्थनेला कुणाची आडकाठी नव्हती. दहा-बारा वर्षं राहिलो.

मग तिथून का निघालात?

तिचं उत्तर मंदारनं मराठीत सांगितलं. "आई, ती म्हणते, मुलं तिथल्यासारखी व्हायला लागली होती. आपली राहणार नाहीत अशी भीती वाटली."

आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं. मग मी विचारलंच, आणि इथे? इथे राहिली का मुलं तुमची?

तिनं ढवळणं थांबवलं नाही. "माझी मुलं अजून लहान आहेत. मला कसं ठाऊक असणार?"

दारातले पर्यटक हसले, कारण पुढचं सगळ्यांनी पुस्तकात वाचलेलं होतं. मला हसू आलं नाही. तिची कीव आली आणि माझीही. एवढा समुद्र ओलांडूनसुद्धा बाईच्या हातात काही नव्हतं.

गाडीत येऊन मी डब्यातल्या दशम्या काढल्या. खाता खाता म्हटलं, "रविवारी चालेल." त्यानं कसलं ते विचारलं नाही, नुसती मान हलवली.

निघायच्या दिवशी टाक त्याच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याशेजारी ठेवले. नमस्कार करताना रडू आलं.

कऱ्हाडला सवयीनं पाचलाच जाग आली. रिकाम्या देव्हाऱ्याकडे पाठ करून आधी चहा घेतला. छान लागला आणि छान लागला याचं वाईटही वाटलं. पहिल्या रविवारी मंदारचा फोन आला, तब्येतीचं बोललो. दुसऱ्या रविवारीही तेच. मी काही विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवूनच देव दिले होते. प्लिमथची ती बाई मात्र आठवत राहिली. आपण आपलं ढवळत राहायचं, एवढंच खरं.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी, म्हणजे त्याच्या सकाळी, फोन वाजला. मागे नळाचं पाणी वाहत होतं.

"आई, टाक पुसायला पेपर टॉवेल चालेल का?"

देवांचं फडकं अजून त्याच दोरीवर होतं. मी त्याच्याकडे बघितलं.

"चालेल," म्हटलं. "फक्त हळू पूस."