रपट्यावरचे खांब

धारचे भैयासाहेब शितोळे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तरी एप्रिल जवळ आला की त्यांचं जेवणावरून लक्ष उडायचं. धार-देवास स्थापत्य अभियंता मंडळाची वार्षिक बैठक एप्रिलमध्ये असे, एका वर्षी धारला, दुसऱ्या वर्षी देवासला. मधलं इंदूर ओलांडून जावं लागे. मग कुणीतरी म्हणेच, की इंदुरात एवढं मोठं मंडळ असताना आपल्याला हा कुटाणा कशाला? पण ही दोन्ही गावं पवारांची जुनी संस्थानं. होळकरांच्या इंदुरात जाऊन मागच्या खुर्चीवर बसणं जुन्या मंडळींना पटण्यासारखं नव्हतं.

मंडळाची एक रीत होती. वर्षाचं उद्दिष्ट जो सुचवेल त्यानंच ते अंगावर घ्यायचं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून त्याचं काय झालं ते सांगायचं. त्यामुळे लोक जपून सुचवायचे. शाळेत एखादं व्याख्यान, गवंड्यांसाठी शिबिर, झाडं लावणं. भैयासाहेबांनी मात्र १९९३ साली थेट पूल सुचवला.

तिरल्याच्या पुढे, सरदारपूरच्या अंगाला आत वळणाऱ्या रस्त्यावर पिपल्या नाला लागतो. त्यावर रपटा होता. नाल्याच्या तळालगत बांधलेला काँक्रीटचा बुटका रस्ता. उन्हाळ्यात त्यावरून माणसं जातात, पावसाळ्यात पाणी जातं. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये भैयासाहेबांचा मुलगा अभिषेक स्कूटर घेऊन त्यावर उतरला होता. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होता तो. पाणी गढूळ, वरून पाहणाऱ्याला घोटाभर वाटावं असं. मध्यावर गेल्यावर ते कमरेएवढं निघालं. स्कूटर रपट्याच्या कडेलाच अडकली. अभिषेक खूप खाली, बाभळीच्या झुडपात सापडला.

बैठकीत भैयासाहेबांनी मुलाचं नाव कधी काढलं नाही. पूल व्हायला हवा, एवढंच म्हणाले. देवासच्या कारखान्यात बांधकामाचं बघणारे सुभाष निंबाळकर त्यांचे जुने मित्र आणि मंडळाचे कार्यवाह. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी मान खाली घालून उद्दिष्ट लिहून घेतलं.

मग भैयासाहेबांनी सुट्टीच्या दिवशी नाल्यावर जाऊन उंच-सखल मोजत लेव्हल घेतल्या, महापुराच्या खुणा गावकऱ्यांना विचारल्या, नकाशा काढला, अंदाजपत्रक केलं आणि ते घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढू लागले. दर एप्रिलमध्ये उभे राहायचे आणि सांगायचे, अजून नाही, प्रस्ताव वर गेलाय. पुढच्या वर्षासाठीही तोच पूल सुचवायचे. नवी पोरं मंडळात आली तशी त्याची थट्टा होऊ लागली. चहाच्या वेळी कुणीतरी विचारायचं, "काकासाहेब, पूल कहाँ तक पहुँचा?" भैयासाहेब म्हणायचे, "भोपाळपर्यंत पोचलाय, नाल्यापर्यंत यायचाय." लोक हसायचे. सुभाष हसायचे नाहीत.

घरी त्यांच्या पत्नीला, राजाबाईंना, वाटायचं, यांनी आता हे सोडावं. पण हेही कळायचं, की वर्षातून एकदा हा माणूस ताठ उभा राहतो तो याच कामासाठी. दर एप्रिलमध्ये त्या त्यांचा सदरा स्वतः इस्त्री करून द्यायच्या.

१९९९ च्या पावसाळ्यात त्याच रपट्यावरून अंबाराम नावाचा दूधवाला लुनासकट वाहून गेला. भैयासाहेबांनी पेपरातली बातमी प्रस्तावाला जोडली. पुलाशिवाय दुसरा इलाज नाही, असं पुढच्या बैठकीत त्यांनी नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात सांगितलं. एरवीही रपट्याची डागडुजी, पाटी, साखळी असलं कुणी सुचवलं की ते चिडायचे. किरकोळ काही केलं की सरकार म्हणेल झालं काम, आणि पूल कायमचा बसेल फायलीत. सबंध आयुष्य सरकारी खात्यात काढलेल्या माणसाचा हिशेब होता तो, आणि चुकीचाही म्हणता येत नव्हता.

२००३ साली बैठक देवासला होती. नवा अध्यक्ष पियूष, पस्तिशीचा, कामाला वाघ, मराठी मात्र अर्ध्या वाटेवर हिंदीत शिरणारी. त्याने यंदापासून नवी पद्धत आणली होती. जे आपल्या हातात आहे आणि वर्षभरात होणारं आहे, तेच उद्दिष्ट धरायचं. पुलाच्या विषयावर आल्यावर तो थांबला. भैयासाहेबांविषयी त्याला आदर होता, म्हणून हात जोडूनच बोलला.

"काकासाहेब, पूल आपल्या बस की बात नाही. तिथे आपण स्वतः काय करू शकतो, ते सांगा ना."

सुभाषनी तोंड उघडलं. पोरांना अभिषेकबद्दल सांगून टाकावं, मग कुणाची हिंमत होणार नाही, असं त्यांच्या मनात आलं असावं. भैयासाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प बसले. मुलाच्या नावावर मत मागायचं नव्हतं त्यांना. पण अंगाची आग झाली होती.

"करा की," ते म्हणाले. "दोन्ही कडांना खांब रोवा आणि खाली पांढरा, वर लाल पट्टा मारा. पाणी लालवर गेलं की लोक थांबतील. इंजिनिअर लोकांनी रंगारी व्हायचं, एवढंच राहिलंय."

टोमणा होता तो. पियूषला तो समजला नाही.

"अरे, यही तो चाहिए! लिहा निंबाळकरकाका."

आणि रीत होती. सुचवणाऱ्यानंच करायचं.

भैयासाहेब मे महिन्यात पिपल्या नाल्यावर गेले ते अपमान गिळूनच. पण काम हातात आलं की त्यांना वाईट करता येत नसे. खांब हलू नयेत म्हणून रपट्याच्या कडेला पक्के बसवून घेतले. लाल पट्टा कुठे सुरू करायचा याचा विचार करत ते कोरड्या रपट्यावर उभे राहिले. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं की माणसाचा पाय सुटतो. त्याच्या बरंच खालून त्यांनी लाल सुरू केला. दुपार कलायच्या आत मजुरांचं सामान आवरूनही झालं.

शेजारच्या वस्तीतली एक बाई मजुरांना पाणी द्यायला आली होती. ती जमुनाबाई, अंबारामची बायको. तिनं खांबाला हात लावून पाहिला, हे कशाचं म्हणून विचारलं. भैयासाहेबांनी तिच्या बोलीत समजावलं, की पाणी लालवर आलं तर कुणी उतरायचं नाही. तिला लगेच कळलं. मग तिनं विचारलं, रागानं नाही, एखादी वस्तू कुठल्या बाजारात मिळते हे विचारावं तसं.

"साब, यो पेलां नी लग सकतो थो?"

हे आधी लागू शकलं नसतं का, याला दहा वर्षांची सगळी उत्तरं भैयासाहेबांपाशी होती. प्रस्ताव, मंजुरी, भोपाळ. यातलं काहीच या खांबांना लागलं नव्हतं.

"लग सकतो थो," ते म्हणाले.

तिनं मान हलवली, हंडा उचलला आणि गेली.

घरी आल्यावर त्यांनी राजाबाईंना हे सांगितलं. अभिषेकला आपण वाचवू शकलो नसतो, तेव्हा आपल्याला सुचलंच नव्हतं. पण अंबारामच्या वेळी आपण रपट्याकडे बघतच नव्हतो, त्याच्या वर पूल बघत होतो, असं काहीसं ते बोलले. राजाबाई म्हणाल्या, "तुम्ही का त्याला ढकललंत?" पण त्यांनाही कळलं, की याचं उत्तर एवढ्यावर मिटणारं नाही.

त्या पावसाळ्यात भैयासाहेब अनेकदा नाल्यावर गेले. एकदा पाणी लाल पट्ट्यावर चढलं असताना मोटरसायकलवरचा एक तरुण पोरगा आला, खांबाकडे पाहिलं, पाय टेकवला आणि गाडी वळवून निघून गेला. भैयासाहेब छत्रीखाली उभे राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

२००४ च्या एप्रिलमध्ये ते धारच्या बैठकीत उभे राहिले. खांब लागले, पाणी लालवर असताना लोक थांबले, कुणी वाहून गेलं नाही, असं सांगितलं. पुढे बोलायचं होतं. हे दहा वर्षांपूर्वी करता आलं असतं, ते मी होऊ दिलं नाही, आणि मध्ये एक माणूस गेला, त्याचं नाव अंबाराम. रात्रभर त्यांनी वाक्यं जुळवली होती. पण "कुणी वाहून गेलं नाही" म्हणताच टाळ्या सुरू झाल्या. मंडळाचं एवढं चोख पार पडलेलं उद्दिष्ट कुणाच्या आठवणीत नव्हतं. पियूषनं तर उठून त्यांचे पाय धरले. भैयासाहेब टाळ्या थांबायची वाट पाहत उभे राहिले. त्या थांबल्या तेव्हा सुभाष पुढचा विषय वाचत होते.

ते खाली बसले. नवं उद्दिष्ट विचारलं तेव्हा त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी राजाबाईंनी विचारलं, "सांगितलंत?"

"टाळ्या वाजवल्या त्यांनी," भैयासाहेब म्हणाले, आणि सदरा काढायला आत गेले.