पेजेतलं पाणी

त्या वर्षी धानाची रोवणी आटोपेपर्यंत आमच्या परसातली विहीर इतकी भरली, की काठावर वाकून बादली बुडवता येई. दोर लागत नसे. शेजारचे लोक खूश होते. मला ते पाणी बघवत नसे. गढूळ नव्हतं, चांगलं स्वच्छ दिसायचं, आणि रोज थोडं थोडं वर येत होतं.

माझा धाकटा भाऊ तेव्हा घरी आला होता. तुमसरला एका राईस मिलमध्ये तो मशीनवर काम करायचा, तिथंच खोली घेऊन राहायचा. बपेऱ्याच्या बाजूला आमचं गाव. तिथं तो एरवी सणावारीच यायचा. या वेळी कपड्यांची पिशवी घेऊन आला आणि मागच्या दाराजवळच्या खाटेवर आडवा झाला. त्याला एचआयव्ही असल्याचं उन्हाळ्यातच कळलं होतं. कसा झाला, हे आईनं विचारलं नाही, मीही नाही. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या होत्या, पण उशिरा. त्यात जुलाब थांबत नव्हते. दोनेक दिवस थांबल्यासारखे वाटायचे, आई देवापुढे दिवा लावायची, आणि पुन्हा सुरू व्हायचे.

मी त्याची मोठी बहीण, तुमसरच्याच एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. संध्याकाळी परतताना फाटकातून आधी दोरीवरचे वाळत घातलेले कपडे दिसायचे. त्यावरून दिवस कसा गेला ते घरात शिरण्याआधीच कळायचं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेहमीच्या तपासणीत काही सापडलं नव्हतं. तिथं एक तरुण डॉक्टर बाई संशोधन करत होत्या. एचआयव्ही असलेल्या माणसांची आतडी का बिघडतात, त्यात कोणकोणते परजीवी सापडतात, हा त्यांचा विषय. साध्या तपासणीत न दिसणारे जंतू त्या वेगळा रंग देऊन शोधत. शौचाचा नमुना ताजा हवा होता, आणि एकदा देऊन भागणार नव्हतं. भाऊ लगेच तयार झाला.

"बाई, एवढं शिकून हे डॉक्टरीन कशाच्या मागं लागली पाह्य," तो मला म्हणाला. "मिलमध्ये तांदळाचा नमुना देतो आम्ही. हा नमुना पहिल्यांदाच."

आईनं ती प्लास्टिकची डबी नव्या रुमालात बांधून दिली. एसटीत ओळखीच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय घेऊन चालले गा एवढं सांभाळून?"

"पेढे," भाऊ म्हणाला. "भंडाऱ्याच्या डॉक्टरीनीले नेऊन राहिलो. तुमाले पाह्यजे का?"

म्हातारा हसला. भाऊही हसला, आणि पुढच्या थांब्यावर त्याला घाईनं उतरावं लागलं. ती गाडी गेली. आम्ही दुसरीची वाट पाहत उभे राहिलो. तो माझ्या खांद्याला धरून होता, आणि त्याच्या हाताला वजन असं नव्हतंच.

पुढच्या खेपेला डॉक्टर बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. निळसर पार्श्वभूमीवर लाल, गोल, बारीक ठिपके. इतके नेटके, की क्षणभर मला ते सुंदर वाटले. नाव लांबलचक होतं, क्रिप्टोस्पोरिडियम. धडधाकट माणसाच्या पोटातून हा आठ-पंधरा दिवसांत निघून जातो, त्या म्हणाल्या. ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्याच्या पोटात घर करतो. याच्यावर खात्रीचं औषध नाही. एचआयव्हीच्या गोळ्यांनी ताकद परत आली, तर शरीरच त्याला हुसकावतं. तोवर नवे जंतू पोटात जाऊ द्यायचे नाहीत. "हा गुरावासरांच्या शेणातून पाण्यात येतो. पाण्यात टाकायच्या औषधाला दाद देत नाही. पाणी उकळायचं. एवढंच तुमच्या हातात आहे."

म्हणजे हा पावसाळा निभावला पाहिजे, एवढं मला कळलं. दिवाळीपर्यंत त्याला ओढून नेलं, तर गोळ्यांना त्यांचं काम करायला वेळ मिळेल.

आईनं ते मनावर घेतलं. नवं पातेलं आणलं, त्यावर झाकण, झाकणावर वरवंटा. सकाळ-संध्याकाळ पाणी खळखळ उकळायचं. त्या पातेल्याला मलाही हात लावू देत नसे. भाऊ तेच पाणी प्यायचा, त्याच पाण्यानं चूळ भरायचा. तरी पुढच्या नमुन्यात ठिपके होते, आणि पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टर बाईंनी पुन्हा विचारलं, "पाणी उकळता ना?" आम्ही पुन्हा हो म्हटलं, आणि ते खरंच होतं.

मग त्या स्वतःच घरी आल्या, विहीर बघायला. गोठ्यात वासरू बांधलेलं होतं. त्याची शेपटी पातळ शेणानं मागून चिकटलेली होती. त्याच्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग ओसरीवर टेकल्या. भावाची पेजेची वेळ झाली होती. आईनं तांदळाच्या कणीची पेज चुलीवरून उतरवली, वाडग्यात ओतली. वाफा निघत होत्या. तिनं बादलीतून तांब्याभर विहिरीचं पाणी घेतलं, पेजेत घातलं, पळीनं ढवळलं, बोट बुडवून पाहिलं आणि वाडगा त्याच्या हातात दिला.

आमच्याकडे पेज अशीच निववतात. पोट बिघडलेल्या माणसाला गरम चालत नाही. मीही लहानपणापासून तशीच पेज प्यायले आहे. पेजेतलं पाणी हे पाणी आहे, असं आमच्यापैकी कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

"आई, त्यात उकळलेलं पाणी का नाही घालत?" डॉक्टर बाईंनी हळूच विचारलं.

आई हसली. "उकडलं पानी मेलेलं असते, बाई. ते प्याले ठीक हाय. पेजेले जितं पानी लागते, तव्हाच पोटाले थंड पडते."

डॉक्टर बाई निघाल्या. फाटकाशी मला म्हणाल्या, "हा प्रश्न आमच्या यादीतच नव्हता."

मी परत आले तेव्हा भावानं मला खाटेजवळ बोलावलं. त्याला सगळं समजलं होतं.

"मायले सांगू नको."

"सांगावं लागेल रे."

"दिवसभर तेच करून राहिली ते माह्यासाठी. सांगशील तं खाटेवर मी अन् खाली माय, दोघायले पाहाशीन. मी सांगतो तिले, मले आता घट्ट अन् कोमटच पाह्यजे म्हणून."

त्यानं तसं सांगितलं. आईनं मान हलवली. मी पेजेचं भांडं परातीत पाणी घालून त्यात ठेवायचे, निवेपर्यंत पळी फिरवत बसायचे. आई ते बघायची आणि आपल्या कामाला लागायची. सुट्टीच्या दिवशी सकाळ-संध्याकाळची पेज मीच करायचे. तो पिऊन झाल्यावर मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत असे, जणू लगेच काही दिसणार होतं.

दोरीवरचे कपडे कमी झाले नाहीत. धान निसवायला लागलं तेव्हा तो खाटेवरून उठेनासा झाला. कापणीच्या आधी गेला. विहीर तोवर निम्म्यावर उतरली होती.

तेरवी झाली. पाहुणे गेले. काही दिवसांनी शेजारची काकू पोट बिघडून पडली, आणि आई बऱ्याच दिवसांनी आपणहून चुलीशी गेली. कणीची पेज शिजवली, वाडगा भरला, बादलीत तांब्या बुडवला. मी तिचं मनगट धरलं.

"काहून व?"

काकूचं पोट बरं होईल, हे मला ठाऊक होतं. पण कोणाच्या अंगात काय आहे, हे बाहेरून दिसत नाही. हेही आता ठाऊक होतं. मी म्हटलं, "उकळलेलं घाल."

"पेजेतबी?"

"पेजेतही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर तांब्याकडे गेली, आणि तिथंच थांबली. तांब्या तिनं खाली ठेवला नाही.

"त्याले माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो. म्हणूनच कोमट मागायचा."

"तू कालेजात गेली की मी त्याले थंड करून देत होती," आई म्हणाली. "कोमट घशाखाली उतरेच ना त्याच्या. पानी टाकताना पाहे माह्याकडं. काई बोले नाई. सगडी पेज पिऊन टाके."