कार्त्यायनीअम्मांचा हातगुण

माणसाला हातगुण असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते कार्त्यायनीअम्मांना बघून झालं.

त्या शेखर वैद्यरांची विधवा बहीण. भावाच्या घरी राहायच्या आणि मागच्या चुलीवर पोटाचं लेह्यम, म्हणजे औषधी चाटण, घोटायच्या. हिरडा, सुंठ, पिंपळी, गूळ, तूप. कृती वैद्यरांची, पण गुण येतो तो अम्मांच्या हाताचा, असं केरळात आमच्या ओट्टपालमकडे सगळे मानायचे. पहिलं बोटभर लेह्यम रोग्याच्या तळहातावर त्यांनीच ठेवायचं. एकदा त्या तापाने पडल्या म्हणून वहिनीने घोटलं, तर लोक भरल्या बरण्या परत घेऊन आले.

कर्किडकम महिन्याच्या पावसात पोटं बिघडतात आणि दारात रांग लागते. नेमकं त्याच महिन्यात मस्कतला त्यांच्या लेकीचं, प्रसीदाचं बाळंतपण आलं. जावयाने तिकीटही पाठवलं.

"एट्टा, दोन महिने जाऊन येते," अम्मा भावाला म्हणाल्या. मी अम्मांच्या हाताखाली असायचे, तिथेच हिरडे फोडत बसले होते.

"जा की. हात तेवढा इथे काढून ठेव," वैद्यर हसले. "कर्किडकमात दुकानाला कुलूप लावू? खाऊ काय आपण?"

अम्माही कसनुशा हसल्या. मला दोघांचाही संताप आला.

वैद्यर बाहेर गेल्यावर अम्मांनी उरुळी, ती काशाची पसरट कढई, चुलीवर चढवली. लेह्यम घोटायला लागलं की पाक होईपर्यंत हात थांबवायचा नाही आणि बदलायचाही नाही, असा नियम. थोड्या वेळाने त्यांनी पळी सोडून हात चक्क बाहेर काढला आणि नेसलेल्या मुंडाला पुसला.

"सुभद्रे, लागू दे आज तळाला."

"अहो, करपेल सगळं!"

"करपू दे. म्हणतील, हिचा हात गेला. गेलेला हात कोण अडवून ठेवतंय?"

करपल्याचा वास पार फाटकापर्यंत गेला. मला तर इतका आनंद झाला की मीच भराभर बरण्या भरल्या.

दोन दिवसांनी कुंजुण्णी नायर धावतच आले. "अम्मा, काय घातलंत हो या खेपेला? कडू जहर, पण पोट असं साफ, की आज सकाळी मी स्वतःच दचकलो!"

त्यांच्यामागून आणखी लोक आले. कडू म्हणजे अस्सल, असं रांगेत ठरूनही गेलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!

"बघितलंस?" वैद्यर बहिणीला म्हणाले. "तुझी चूकसुद्धा औषध होते. पुढचा घाणाही जरा लागू दे."

तिकीट परत गेलं.

बाळ झाल्यावर प्रसीदाचा फोन आला तेव्हा उरुळी चुलीवरच होती. अम्मांना हात काढता येईना, म्हणून मी फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडे पोर कळवळून रडत होतं.

"अम्मे, पोट दुखतंय गं तिचं. काही केल्या राहत नाही. तुझा हात हवा होता."

"बेंबीभोवती हात फिरव. हळूहळू, गोल," अम्मा म्हणाल्या. "थांबू नकोस."

पळी धरलेला त्यांचा हात उरुळीत गोल फिरत होता. गालावरून ओघळलेलं पाणी पुसायलाही तो थांबला नाही, शेवटी मीच पदराने पुसलं. बाळ अजून रडतच होतं.

"अम्मा, झालं का हो?" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "आणि करपवलंय ना?"